लाकालाका (टोंगा)

लाकालाका म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशातला उभ्याने करायचा समूहनाच. प्रेक्षकांकडून पाहिलं तर पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, कधी कधी तर काहीशे जण रांगा धरून उभे, स्वतःच गातात आणि स्वतःच नाचतात, आणि एक लाकालाका अर्धा तास सहज चालतो. गीत, चाल, हालचाली बसवणारा तो पुनाके. मधोमध उभं राहायचा मान घराण्यानुसार ठरतो.

खरा वाद आहे तो उगमाचा. परंपरेनं श्रेय १९व्या शतकाच्या शेवटच्या दशकांतल्या तुकुआहो या सरदाराला दिलं जातं. मेथडिस्ट मिशनऱ्यांचा नाचाला विरोध होता, १८५०च्या कायद्यात तर नाचावर सरळ बंदीच होती, त्यामुळे चर्चला चालेल असा नवा प्रकार त्यानं बसवला असं सांगतात. पण १७७७ मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक टोंगाच्या हापाई बेटांवर आला तेव्हाची रात्रीच्या नाचांची वर्णनं आहेत, त्याच्यासोबतच्या जॉन वेबर या चित्रकाराची चित्रं आहेत, आणि ती बघून मानववंशशास्त्रज्ञ एड्रियन केप्लर (१९३५–२०२२) यांनी मांडलं की लाकालाका म्हणजे मेएलाउफोला या जुन्या नाचाचंच पुढचं रूप. हे मत जास्त पटतं, कारण त्याला त्या काळातल्या नोंदींचा आधार आहे. नक्की साल मात्र कुठलंच धरू नये.

केप्लरबाईंनी १९६४ पासून टोंगात फील्डवर्क केलं, १९६७ मध्ये हवाई विद्यापीठाची पीएचडी घेतली, मग होनोलुलूचं बिशप म्युझियम आणि १९८० पासून वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था, असा त्यांचा प्रवास. भाषाशास्त्रात दोन ध्वनी वेगळे धरायचे की एकच हे बोलणाऱ्यांना विचारून ठरवतात ना, तसं त्यांनी मनगट कसं फिरलं, बोटं कशी मिटली, हा फरक टोंगन लोक खरंच मोजतात का हे तपासून हालचालींचे मूळ घटक काढले. पाय फार काही करत नाहीत, अर्थ सगळा हातात. तोही सरळ नाही, गीतातल्या शब्दांना आडून सुचवणारा. काव्यसुद्धा तसंच आडवळणाचं, सरदाराचं नाव न घेता त्याच्या गावाचं किंवा फुलाचं नाव घ्यायचं, ऐकणाऱ्याला वंशावळ माहीत असेल तरच कळतं. या कलेला हेलियाकी म्हणतात, आणि राणी सालोते (कारकीर्द १९१८–१९६५) यांची गीतं त्यात फार वरची मानली जातात.

युनेस्कोनं २००३ मध्ये लाकालाकाचा गौरव केला, २००८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. राज्याभिषेक, चर्चचे मोठे सोहळे अशा प्रसंगी तो अजून होतो, न्यूझीलंडच्या टोंगन वस्तीतही.