वजन घटवण्याचे वैद्यकीय उपचार (प्रौढांसाठी)

प्रौढांमधील लठ्ठपणावर आहार आणि व्यायाम यांच्या जोडीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली केले जाणारे औषधोपचार आणि शस्त्रक्रिया. उपचाराची गरज बीएमआय (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा), कंबरेचा घेर आणि सोबतचे आजार पाहून ठरते. भारतीयांच्या पोटात चरबी लवकर साठते, म्हणून येथे बीएमआय २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला ही रेषा ६४ किलोला लागते. कंबरेची मर्यादा पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटर. आधी थायरॉइड तपासावे. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि काही मानसोपचाराची औषधेही वजन वाढवतात, पण ती परस्पर बंद करू नयेत.

ऑर्लिस्टॅट हे जुने औषध. १२० मिलिग्रॅमची कॅप्सूल जेवणाबरोबर दिवसातून तीनदा घेतात. आहारातील सुमारे ३० टक्के स्निग्धांश न पचता बाहेर पडतो. तळणाचे जेवण झाले की तेलकट, अनावर जुलाब होतात ते यामुळेच. अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वे कमी पडू नयेत म्हणून मल्टिव्हिटॅमिनची गोळी रात्री झोपताना घ्यावी.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही आठवड्यातून एकदा पोटावर किंवा मांडीत त्वचेखाली टोचायची औषधे. त्यांनी भूक मंदावते आणि पोट सावकाश रिकामे होते. वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडची सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने होते. दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ असे करत मात्रा २.४ पर्यंत नेतात. टिर्झेपाटाइड २.५ पासून १५ मिलिग्रॅमपर्यंत. प्रमुख चाचण्यांत पहिल्याने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के, दुसऱ्याच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन घटले.

बहुतेकांचे बिघडते ते घाईमुळे. पायऱ्या गाळून मात्रा वाढवली की मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता असह्य होते आणि उपचारच सुटतो. त्रास होत असेल तर आहे त्याच मात्रेवर आणखी चार आठवडे थांबणे शहाणपणाचे. दुसरी चूक ताटातली. भूक गेली म्हणून चहा-बिस्किटांवर दिवस काढला, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांतले काहीतरी प्रत्येक जेवणात आधी खावे, भात-पोळी नंतर. आठवड्यातून दोनदा तरी वजने उचलण्याचा व्यायाम हवा. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांची मात्रा कमी करावी लागते, नाहीतर साखर एकदम उतरते. पोटात पाठीपर्यंत जाणारी तीव्र, न थांबणारी कळ आली तर स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. औषध थांबवून लगेच रुग्णालय गाठावे. गर्भारपणात आणि घराण्यात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग असल्यास ही औषधे वर्ज्य आहेत. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, म्हणून दीर्घकाळच्या खर्चाचा हिशेब सुरुवातीलाच मांडावा.

बॅरिएट्रिक, म्हणजे वजन घटवण्यासाठीच्या शस्त्रक्रियेपैकी स्लीव्ह पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. बायपासमध्ये छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडतात. तीव्र आम्लपित्त असणाऱ्याला स्लीव्हने ते वाढू शकते, तेव्हा बायपास बरा. नंतर ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते. सतत उलट्या होत राहिल्या तर ब-१ तातडीने द्यावे, ते कमी पडल्यास मेंदूला इजा होते.

सिब्युट्रामिन या भूक कमी करणाऱ्या जुन्या औषधावर भारतात २०११ पासून बंदी आहे. ते ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या-कॅप्सूलमध्ये लपवलेले आढळले आहे. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांना त्याचा धोका सर्वाधिक.