गेकिगा

जपानी चित्रकथेतील, मुख्यतः प्रौढ वाचकांसाठीचा प्रवाह. दुसऱ्या महायुद्धानंतर ओसाका शहरात तो आकाराला आला आणि साधारणपणे १९६० ते १९७५ या काळात भरात होता. ‘गेकी’ म्हणजे नाट्य व ‘गा’ म्हणजे चित्र. जपानी चित्रकथांसाठी रूढ असलेल्या ‘मांगा’ या शब्दाला असलेली गमतीची, हलकेपणाची छटा टाळण्यासाठी हे नाव पुढे आले. ‘प्रौढांसाठी’ म्हणजे कामुक असा अर्थ येथे अभिप्रेत नाही. तसा उपप्रकार नंतर निघाला, पण मूळ प्रवाह गुन्हेगारी, दारिद्र्य, एकटेपणा आणि इतिहास या विषयांचा आहे.

शब्दाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. सर्वसाधारणपणे श्रेय योशिहिरो तात्सुमी (१९३५–२०१५) यांना दिले जाते. १९५७च्या अखेरीस त्यांनी आपल्या एका कथेच्या शीर्षकपानावर हा शब्द छापला. मात्र त्यांचे सहकारी मासाहिको मात्सुमोतो १९५६च्या सुमारास ‘कोमागा’, म्हणजे चौकटींची चित्रे, असे नाव वापरू लागले होते. मात्सुमोतोंची चौकटींची मांडणी पाहता, नव्या शैलीची पहिली पावले त्यांची होती असे मानणाऱ्या अभ्यासकांचे म्हणणे अधिक पटते. लहानशी हालचालही ते अनेक चौकटींत तोडून दाखवत. दार उघडायलाच तीन-चार चौकटी लागल्या की वाचक आपोआप श्वास रोखून धरतो. तात्सुमींच्या ‘कुरोई फुबुकी’ (१९५६) या दीर्घकथेत एका पियानोवादकाला आणि एका सराईत गुन्हेगाराला एकाच बेडीत अडकवलेले आहे. दोघे हिमवादळातून पळ काढतात. तिरक्या, घाईने ओढलेल्या रेघांनी पानेच्या पाने भरली आहेत. ही कथा वीस दिवसांत काढल्याचे तात्सुमींनी नमूद केले आहे.

ही पुस्तके दुकानात विकली जात नसत. ती ‘काशिहोन’, म्हणजे भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांसाठी छापली जात. १९५९मध्ये तात्सुमी, मात्सुमोतो, ताकाओ साइतो आदी आठ चित्रकारांनी तोक्योत ‘गेकिगा कोबो’ हा गट स्थापन केला आणि एक जाहीरनामा वृत्तपत्रांना, प्रकाशकांना व चित्रकारांना पाठवला. गेकिगा व मांगा यांतला फरक तंत्राचा आहे, पण त्याहून अधिक वाचकाचा आहे, असे त्यात मांडले होते. बालपण संपलेला, पण अजून मोठा न झालेला वाचक त्यांच्या डोळ्यांसमोर होता. गेकिगाची व्याख्या शैलीवरून करण्यापेक्षा याच मुद्द्यावरून करणे योग्य ठरते. गट वर्षभरातच फुटला.

पुढच्या टप्प्यात सान्पेइ शिरातो यांचे स्थान सर्वांत मोठे आहे. त्यांची ‘निन्जा बुगेइचो’ (१९५९–६२) ही शेतकरी उठावांची गाथा आहे. दिग्दर्शक नागिसा ओशिमा यांनी १९६७मध्ये तिची चित्रेच थेट चित्रित करून चित्रपट केला. शिरातो यांची ‘कामुई-देन’ छापण्यासाठी कात्सुइची नागाई यांनी १९६४मध्ये ‘गारो’ हे मासिक काढले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीत जन्मलेल्या नायकाची ही कथा विद्यार्थी चळवळीतल्या तरुणांनी आपलीशी केली.

‘गारो’मध्येच योशिहारु त्सुगे यांची ‘नेजिशिकी’ (१९६८) आली. जेलीफिशने दंश केलेला एक तरुण, तुटलेली रक्तवाहिनी हाताने दाबून, अनोळखी गावात डॉक्टर शोधत फिरतो; जिथे जावे तिथे डोळ्यांच्याच दवाखान्यांच्या पाट्या. शेवटी एक स्त्रीरोगतज्ज्ञ ती वाहिनी नळाच्या तोटीसारख्या झडपेने जोडते. त्सुगे यांनी ‘अमुक जेलीफिश’ अशा अर्थी दोन फुल्या लिहिल्या होत्या. फुली जपानी ‘मे’ या अक्षरासारखी दिसते; छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने त्या ‘मेमे’ अशा वाचल्या आणि तोच शब्द वाचकांत रूढ झाला.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रकाशकांची प्रौढ नियतकालिके निघाली आणि भाड्याच्या पुस्तकांचा धंदा ओसरला. काझुओ कोइके व गोसेकी कोजिमा यांची ‘कोझुरे ओकामी’ (१९७०–७६) याच काळातली. मांगाचे नामवंत चित्रकार ओसामु तेझुका यांनीही गेकिगाचे आव्हान ओळखून गडद विषय हाताळले. तात्सुमींच्या ‘गेकिगा ह्योर्यू’ या आत्मकथनाला २००९मध्ये तेझुकांच्याच नावाचा सांस्कृतिक पुरस्कार मिळाला. साइतो यांची ‘गोल्गो १३’ ही मालिका १९६८पासून चालू आहे. २०२१मध्ये ते वारल्यानंतरही त्यांच्या चित्रशाळेने ती थांबवलेली नाही.