सुवारी परंपरा
पश्चिम आफ्रिकेतील मांदे भाषक मुस्लिम विद्वानांची, शस्त्रापेक्षा अध्यापनावर भर देणारी विचारपरंपरा. अल्-हाज सालिम सुवारी हे तिचे प्रवर्तक मानले जातात. ते मूळचे नायजर नदीकाठच्या मासिना प्रदेशातील जा (दिया) येथील. अनेक हजयात्रांनंतर ते बाम्बुकच्या सुवर्णक्षेत्रातील दियाखा येथे शिष्यांसह स्थायिक झाले, असे परंपरा सांगते. जाखांके हे विद्वानसमूहाचे नाव या स्थलनामाशी जोडले जाते.

सुवारींचा काळ वादग्रस्त आहे. इतिहासकार आयव्हर विल्क्स यांनी जुला (मांदे भाषक मुस्लिम व्यापारी समाज) विद्वानांच्या इस्नादांमधील (गुरुपरंपरेच्या साखळ्या) पिढ्या मोजून ते पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेले असावेत, असे मानले. जाखांके मौखिक परंपरेला अधिक वजन देणारे अभ्यासक लामिन सन्नेह त्यांना तेराव्या शतकाच्या आसपास ठेवतात. या साखळ्यांचा संबंध प्रामुख्याने तीन ग्रंथांच्या अध्यापनाशी आहे : मालिक यांचा ‘मुवत्ता’ (हदीस व धर्मविधी), काझी इयाद यांचा ‘शिफा’ (प्रेषितांची थोरवी) आणि ‘तफसीर अल्-जलालैन’ (कुराणभाष्य). पैकी शेवटचा ग्रंथ अल्-महल्ली यांच्या मृत्यूनंतर (1459) अल्-सुयूती यांनी पूर्ण केला. त्यामुळे त्याच्या साखळीतील सुवारींचे स्थान खरे धरल्यास विल्क्स यांचे उत्तरकालीन मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र थोर गुरूचे नाव साखळीत मागाहून गोवले जाणे अशक्य नाही. शिवाय मौखिक परंपरेत पिढ्या गळतातही.

अश्रद्धा दुष्टपणातून नव्हे, अज्ञानातून येते. ते कधी दूर व्हावे हे ईश्वराधीन आहे, ही या विचाराची बैठक. म्हणून स्वसंरक्षणाखेरीज जिहाद वर्ज्य. मुस्लिमेतर राजाची सत्ता मान्य करावी, परंतु धर्माचरण ढळू देऊ नये आणि आपल्या वागणुकीतून इतरांपुढे आदर्श ठेवावा. सोने व कोला फळांच्या व्यापारासाठी परक्या राज्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जुलांना ही शिकवण जीवनाधार ठरली. 1804 मध्ये हौसा प्रदेशात (आजचा उत्तर नायजेरिया) जिहाद पुकारणाऱ्या उस्मान दान फोदियो यांची भूमिका नेमकी विरुद्ध होती. आफ्रिकी इस्लामचा इतिहास जिहादांच्या अंगानेच लिहिला गेल्याने ही संयत परंपरा अन्यायाने झाकोळली आहे.

अठराव्या शतकात साघानुघू या विद्वान घराण्यामुळे बोबो-जुलासो (आजचे बुर्किना फासो) व काँग (आजचे आयव्हरी कोस्ट) येथे अध्ययनाला नवे बळ मिळाले. काँग 1897 मध्ये पश्चिम आफ्रिकेतील राज्यकर्ते सामोरी तुरे यांच्या सैन्याने उद्‌ध्वस्त केले. फुटा जालोनमधील (आजचे गिनी) तूबा या जाखांके विद्याकेंद्राच्या प्रमुखांना फ्रेंचांनी 1911 मध्ये अटक केली.