पार्श्वभूमी: पहिल्या घराचा हप्ता आणि त्याखालची जमीन

महागड्या शहरात पहिलं घर घेणाऱ्याची दमछाक हप्ता सुरू होण्याआधीच होते. बँक किमतीच्या 80 टक्के कर्ज देणार असेल, तर उरलेले 20 टक्के रोख लागतात. ते भाडं भरता भरता साठवायचे, आणि साठेपर्यंत किंमत पुढे सरकलेली असते. ही कोंडी कशी तयार झाली, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं.

1775 च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये गोल्डन क्रॉस नावाच्या मद्यालयाचा मालक रिचर्ड केटली याने पहिली ज्ञात बिल्डिंग सोसायटी सुरू केली. रीत साधारण भिशीची. सभासद दरमहा वर्गणी भरायचे, पुरेसे पैसे जमले की एकाच्या घराचं काम निघायचं. तशा सुरुवातीच्या अनेक सोसायट्या सगळ्यांची घरं झाली की बंद व्हायच्या. जेवढी बचत, तेवढंच कर्ज.

अमेरिकेत 1920 च्या दशकात घरासाठी बहुधा निम्मी रक्कम स्वतःची लागे. कर्ज अनेकदा 3 ते 5 वर्षांचं, तोवर फक्त व्याज भरायचं आणि शेवटी मुद्दल एकरकमी. म्हणजे नवं कर्ज काढून जुनं फेडायचं. महामंदीत नवं कर्ज मिळेना, आणि घरं जप्त होत गेली. 1933 मध्ये सरकारने स्थापलेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने सुमारे 10 लाख कर्जं दीर्घ मुदतीच्या समान हप्त्यांत बांधून दिली. पुढच्याच वर्षी अशा कर्जांना सरकारी विमा मिळाला. लाखो कुटुंबांना त्याने तारलं, हे विसरता येत नाही. तरी हप्त्याची फोड पाहावी: 8 टक्के व्याज आणि 20 वर्षं मुदत असेल, तर पहिल्या हप्त्यातले 100 पैकी जवळजवळ 80 रुपये व्याजातच जातात.

मग घरं महागली ती कशाने? विटा-सिमेंटमुळे फारशी नाहीत. नोल, शुलारिक आणि स्टेगर या अर्थतज्ज्ञांनी 14 प्रगत देशांच्या 1870 पासूनच्या किमती तपासल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, महागाई वजा केली तर, किमती फारशा हलल्या नव्हत्या. रेल्वेमुळे दूरची स्वस्त जमीन शहराच्या आवाक्यात येत होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वाढीत सुमारे 80 टक्के वाटा जमिनीचा निघाला. अशी नवी जमीन आवाक्यात येणं मंदावलं, कुठे किती मजले चढवायचे यावरही बंधनं आली. न्यूयॉर्कचे नियम 1916 चे, ब्रिटनचा नगररचना कायदा 1947 चा.

अशा अडलेल्या जागेत कर्ज सैल केलं की काय होतं? हप्ता तोच ठेवून मुदत 20 वरून 30 वर्षं केली, तर 8 टक्के दराने साधारण 14 टक्के जास्त कर्ज मिळतं. पण ते त्याच घरावर डोळा असलेल्या दुसऱ्यालाही मिळतं. घरं तेवढीच असली, तर वाढीव रकमेचा मोठा भाग विकणाऱ्याच्या खिशात जातो. माझ्या मते पहिलं घर घेणाऱ्यांसाठीच्या बऱ्याच सवलती इथेच वाया गेल्या.

सिंगापूरने आधी जमिनीला हात घातला. 1960 मध्ये गृहनिर्माण मंडळ, 1966 मध्ये भूसंपादन कायदा, आणि 1968 पासून सुरुवातीच्या रकमेसाठी नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीतले पैसे वापरायची मुभा. आज तिथले सुमारे 80 टक्के रहिवासी मंडळाच्या घरांत राहतात. ती घरं 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असतात. मुदत संपली की ती मंडळाकडे परत जातात.