जहाजाच्या यादीतला अकरा वर्षांचा मुलगा

१८७५ सालच्या उन्हाळ्यात कॅनडातल्या क्वेबेक बंदरात एक कुटुंब उतरलं, असं समजू या. प्रवाशांच्या यादीत त्यांच्या पाच ओळी आहेत: बाप ३६ वर्षांचा, आई २९ वर्षांची, मुलगा याकोब ११ वर्षांचा, मग ४ आणि २ वर्षांच्या दोन मुली. पाचही जणांपुढे आडनाव एकच. कारकुनाने कर्त्या पुरुषाचं आडनाव सगळ्यांना लावलं आणि तो पुढच्या कुटुंबाकडे वळला.

हे कुटुंब मी समजावण्यासाठी रचलेलं आहे. पण रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या घराण्यांची वंशावळ जुळवणाऱ्यांना अशी यादी वारंवार भेटते आणि दर वेळी ती कुठेतरी खटकते. याकोब झाला तेव्हा आई अठरा वर्षांची असणार. मेनोनाइटांमध्ये बाप्तिस्म्याशिवाय लग्न लागत नसे आणि बाप्तिस्मा घ्यायचा तो समजत्या वयात, साधारण विशीच्या आसपास. म्हणजे अठराव्या वर्षी मूल होणं अशक्य नाही, पण जरा घाईचं आहे. त्याहून खटकतात ती नंतरची सात वर्षं. ज्या घरांत दर दोन वर्षांनी पाळणा हलायचा, तिथे सात वर्षांची पोकळी दिसली की मधे काहीतरी घडलेलं असतं.

काय घडलं असेल? याकोब बापाच्या वारलेल्या पहिल्या बायकोचा असेल. आई विधवा असेल आणि तो तिच्या पहिल्या नवऱ्याचा असेल. बापाचा भाऊ-भावजय वारल्यावर घरात आणलेला पुतण्या असेल. किंवा तिला लग्नाआधीच झालेला असेल. यादी चारही शक्यतांना सारखाच होकार देते.

मेनोनाइट हे नाव मेनो सायमन्स या फ्रिसलंडच्या धर्मगुरूवरून आलं. १५३६ मध्ये त्याने कॅथलिक चर्च सोडलं आणि बालबाप्तिस्मा व शस्त्रं दोन्ही नाकारणाऱ्यांना तो जाऊन मिळाला. छळ चुकवत त्यांच्यातले बरेच जण नेदरलंड्सच्या बाजूने विस्तुला नदीच्या मुखाशी, डान्झिगच्या (आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या) आसपास गेले. १७८९ पासून त्यांनी रशियाच्या दक्षिणेला, आजच्या युक्रेनमध्ये, खोर्तित्सा आणि मोलोचना या वसाहती उभारल्या. झारने सक्तीची लष्करभरती आणली तेव्हा १८७४ पासून हजारो कुटुंबं अमेरिका आणि कॅनडाकडे निघाली. मारिउपोलजवळची बर्गथाल वसाहत तर जवळजवळ अख्खीच्या अख्खी उठून निघून गेली. पुढे या समाजाचे मिशनरी भारतातही आले. १८९९ मध्ये, मोठ्या दुष्काळाच्या काळात, त्यांनी धमतरीला काम सुरू केलं आणि तिथे अनाथ मुलं सांभाळली. धमतरी तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि त्या प्रांताचा कारभार नागपूरहून चाले.

याकोबच्या जन्माची नोंद शोधली की प्रश्न सुटेल असं वाटतं, पण अडचण इथूनच सुरू होते. युरोपात इतरत्र वंशावळीचा पाया म्हणजे चर्चमधल्या बालबाप्तिस्म्याची नोंदवही: तारीख, आई, बाप आणि साक्षीदार. मेनोनाइटांनी बालबाप्तिस्माच नाकारला होता. त्यांच्या मंडळ्या जन्म लिहून ठेवत, पण त्या वह्या उशिरा सुरू झाल्या आणि पुष्कळशा स्थलांतरात व युद्धांत गेल्या. रशियन सरकारच्या शिरगणतीत घरटी नावं आणि वयं मिळतात, सावत्र मुलंही कळतात. ती १८३५, १८५० आणि १८५८ मध्ये झाली आणि त्यानंतर थेट १८९७ मध्ये. याकोब जन्मला १८६४ च्या सुमारास आणि गेला १८७५ मध्ये, म्हणजे दोन गणत्यांच्या बरोबर मधे.

त्यात नावांचा तुटवडा. पेनर, फ्रीझन, वीबे, डिक, क्लासन, यान्झन अशी मोजकी आडनावं. योहान, पेटर, याकोब, हाइनरिख, मारिया, हेलेना, कॅथरिना अशी मोजकी नावं. एकाच गावात एकाच नावाचे चार-पाच पुरुष सापडतात. तान्हं मूल गेलं तर पुढच्या मुलाला पुन्हा तेच नाव देत, त्यामुळे जुन्या वहीत सापडलेला याकोब आपलाच की त्याच्या आधी वारलेला भाऊ, हेही तपासावं लागतं. अमेरिकेत आल्यावर अनेकांनी मधलं अक्षर आईच्या माहेरच्या आडनावाचं लावलं. आपल्याकडे मधल्या नावावरून बाप कळतो, इथे त्या अक्षरावरून आईचा माग लागतो. पण काही घरांत ते बापाच्या नावाचंही असे, तेव्हा त्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही.

बापाविषयी शंका म्हटली की लोकांच्या डोक्यात आधी चोरटे संबंध येतात. याबाबत बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये छापलेलं काम बघण्यासारखं आहे. कागदोपत्री एकाच पूर्वजाच्या पुरुषवंशात येणाऱ्या, बेल्जियम आणि नेदरलंड्समधल्या ५१३ जोड्यांचं वाय गुणसूत्र, म्हणजे फक्त बापाकडून मुलाला मिळणारं गुणसूत्र, त्यांनी ताडून पाहिलं. गेल्या पाच शतकांत कागदावरचा बाप खरा नसण्याचं प्रमाण दर पिढीला सरासरी १.६ टक्के निघालं. एकोणिसाव्या शतकातल्या दाटीवाटीच्या शहरांमधल्या गरिबांत ते सहा टक्क्यांच्या जवळ गेलं होतं, तर शेतकऱ्यांत जेमतेम अर्धा टक्का होतं. मेनोनाइट शेतकरीच होते. म्हणून मी तरी चौथ्या शक्यतेपासून सुरुवात करणार नाही. या घरांमध्ये गोंधळ घातला तो मृत्यूने. बाळंतपणात बायका जात, साथीत पुरुष जात आणि मागे राहिलेलं माणूस काही महिन्यांतच पुन्हा लग्न करी, कारण शेत आणि लहान मुलं एकट्याने ओढणं शक्य नव्हतं.

आणि या मृत्यूंचा हिशेब ठेवणारं एक दप्तर त्या समाजाकडे होतं. हा मला या सगळ्या शोधातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. त्याला जर्मनमध्ये वाइझनआम्ट म्हणत, म्हणजे अनाथांची कचेरी. नवरा किंवा बायको वारली की घरातल्या भांड्याकुंड्यांपासून गुराढोरांपर्यंत सगळ्याची किंमत धरली जाई. निम्मं जिवंत जोडीदाराला आणि निम्मं मुलांना. त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच. मुलं लहान असतील तर पालक नेमून त्यांचे पैसे कचेरीत व्याजाने ठेवत आणि सज्ञान झाल्यावर त्यांना देत. ही वाटणी झाल्याशिवाय विधवेला किंवा विधुराला पुन्हा लग्न करता येत नसे.

वंशावळीच्या दृष्टीने याचा अर्थ काय? जहाजाच्या कारकुनाला याकोब कोणाचा याच्याशी देणंघेणं नव्हतं. अनाथांच्या कचेरीला ते बिनचूक माहीत असणं भाग होतं, कारण पैसे वारलेल्या माणसाच्या मुलालाच मिळायला हवेत आणि सावत्र भावंडांना जाता कामा नयेत. हीच पद्धत स्थलांतरितांनी कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात आणली. त्या वह्या जुन्या जर्मन वळणाच्या हस्ताक्षरात आहेत, वाचायला सवय लागते, पण एखाद्या पानावर याकोबचं नाव वेगळ्याच आडनावाखाली सापडलं, तर सात वर्षांच्या पोकळीचं उत्तर मिळतं. तारखा पाहताना एवढं लक्षात ठेवायचं, की रशियाचं पंचांग एकोणिसाव्या शतकात पश्चिमेपेक्षा बारा दिवस मागे होतं. एकाच माणसाच्या दोन जन्मतारखांत बारा दिवसांचा फरक दिसला तर ती दोन माणसं समजू नयेत.

पान नाही सापडलं, तर डीएनए. इथे पुष्कळांची अपेक्षा असते की लाळेची नळी पाठवली की बाप कळेल. याकोबच्या बाबतीत प्रत्येक चाचणी प्रश्नाचा एकेक तुकडाच सोडवते.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जवळजवळ जसंच्या तसं जातं. याकोबच्या मुलाच्या मुलाचं वाय आणि यादीतल्या बापाच्या भावाच्या पुरुषवंशातलं वाय जुळलं नाही, तर याकोब त्या घरात आईबरोबर आला असणार, ही शक्यता बळावते. जुळलं तर? तो बापाचा असू शकतो, पण पुतण्याही असू शकतो, कारण भावाभावांचं वाय एकच. आडनावावर मात्र भिस्त नको. यान्झन म्हणजे यानचा मुलगा, आणि यान गावोगाव होते, त्यामुळे दोन यान्झन घराण्यांचं वाय मुळातच वेगळं निघू शकतं.

तंतुकणिकेतला (मायटोकॉन्ड्रियातला) डीएनए आईकडून येतो, पण पुढे फक्त मुलीच तो देतात. याकोब पुरुष, त्यामुळे तो धागा त्याच्यापाशीच तुटला. मात्र एक आडवाट आहे. पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एकच असतं आणि ते आईकडून आलेलं. ते तो प्रत्येक मुलीला अख्खं देतो. म्हणजे याकोबच्या लेकींमध्ये त्याच्या आईचं एक्स न मोडता उतरलं. लेकींच्या मुलांचं एक्स त्या दोन लहान बहिणींच्या वंशजांशी मोठ्या तुकड्यात जुळलं, तर २९ वर्षांची ती बाईच याकोबची आई असल्याचा तो चांगला पुरावा आहे.

उरलेल्या २२ जोड्यांचा डीएनए सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. सख्ख्या भावंडांच्या नातवंडांमध्ये सरासरी २०० हून थोडे जास्त सेंटिमॉर्गन समान असतात, सावत्र भावंडांच्या नातवंडांत त्याच्या निम्मे. पण याकोब बापाकडून सावत्र असो की आईकडून, आकडा तोच येतो. म्हणून किती जुळलं एवढ्याने भागत नाही. कोणाच्या बाजूने जुळलं ते पाहायचं, आणि त्यासाठी बापाच्या भावंडांचे आणि आईच्या भावंडांचे वंशज वेगवेगळे तपासायचे.

त्यातही मोठा अडथळा आहे तो समाजाच्या मिटलेपणाचा. चारशे-साडेचारशे वर्षं लग्नं आपसातच. कॅलिफोर्नियातल्या मेनोनाइट इतिहास मंडळाने जमवलेल्या ‘ग्रँडमा’ नावाच्या संगणकीय वंशावळीत दहा लाखांहून जास्त माणसं आहेत, आणि तिच्यात कुठलीही दोन माणसं घेतली तरी ती चार-पाच वाटांनी नातेवाईक निघण्याचा संभव असतो. मॅनिटोबातल्या मेनोनाइटांमध्ये हायपोफॉस्फटेशिया या आजाराचं जनुक दर २५ माणसांत एकाकडे आढळतं. दोन्ही पालकांकडून ते आलं तर बाळाची हाडं नीट घट्ट होत नाहीत, आणि असं सुमारे २,५०० जन्मांत एकदा होतं. थोड्याच मूळ कुटुंबांपासून समाज वाढला की असं घडतं, आणि त्याच कारणाने याकोबच्या नातवंडांचे आकडे फुगतात. जुळणी १५० ची दिसते, आणि त्यातला बराच भाग दीडशे वर्षांपूर्वीच्या बापाचा नसून तीनशे वर्षांपूर्वीच्या विस्तुलाकाठच्या पणजोबांचा असतो.

तो वेगळा काढायची युक्ती सोपी आहे. प्रत्येक पिढीत गुणसूत्रांची अदलाबदल होऊन समान तुकडे लहान होत जातात. तीन पिढ्यांमागच्या समान पूर्वजाकडून आलेला तुकडा सरासरी १६-१७ सेंटिमॉर्गनचा, दहा पिढ्यांमागचा सरासरी पाचाचा. म्हणून एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकडे पाहायचे आणि छोटे बाजूला सारायचे. सोबत त्याच वसाहतीतल्या, जवळचं नातं नसलेल्या दहा-वीस जणांशीही तुलना करायची. याकोबच्या वंशजांची जुळणी या सामान्य पातळीच्या स्पष्टपणे वर असेल, तरच तिला अर्थ आहे.

आणि शंका ज्या माणसावर आहे त्याच्या बाजूने पुरावा उगवतो का, तेही पाहावं. आईच्या पहिल्या नवऱ्याचं नाव कागदात सापडलं, तर त्याच्या भावंडांचे वंशज शोधून याकोबच्या वंशजांशी ताडायचे. तिथे जुळणी मिळाली नाही तर लगेच निकाल देऊ नये. खापरपणजोबा समान असलेल्या दहा जोड्यांतल्या एका जोडीत मोजण्याइतका काहीच समान डीएनए नसतो. एक जोडी गप्प राहिली तर फार काही कळत नाही. निरनिराळ्या शाखांतल्या पाच-सहा जोड्या गप्प राहिल्या, तर तो नवरा यादीतून वगळायला हरकत नाही.

चाचणी कोणाची आधी करायची, याचं उत्तर या गणितातच आहे. पणतवंडांऐवजी दोन्हीकडची नातवंडं तपासली, तर समान डीएनए सरासरी चौपट मिळतो. १८६४ च्या याकोबची धाकटी मुलं १९०५-१० च्या सुमारास झाली असतील, तर त्यांची मुलं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यातली लेकीची मुलं सापडली तर उत्तमच, कारण याकोबच्या आईच्या एक्सचे तुकडे त्यांच्यात आहेत. त्यांना नमुना मागण्याआधी सगळं सांगायला हवं, चौथ्या शक्यतेसकट. ज्या पणजीविषयी घरात आदराने बोललं जातं तिच्याबद्दल काय निघू शकतं, ते ऐकून नको म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. ते हो म्हणाले तर त्याच दिवशी नमुना घ्यावा. कचेरीच्या वह्या आणखी दहा वर्षांनीही वाचता येतील.