नमद्याची टोपी (फेल्ट टोपी)

नमद्याची टोपी : लोकरीचे किंवा सशासारख्या प्राण्याच्या केसांचे तंतू न विणता, ओलावा, ऊब आणि घर्षण यांच्या साहाय्याने एकमेकांत गुंतवून केलेल्या दाट थराची टोपी. या थराला मराठीत नमदा किंवा बुरणूस म्हणतात. टोपीच्या बाबतीत मात्र ‘फेल्ट’ हाच शब्द रूढ झाला. मराठवाड्यात तिचे दोन प्रकार ओळखीचे आहेत : गोंड्याची लाल रुमी टोपी आणि काळी टोपी.

‘नमदा’ हा शब्द फार्सी ‘नमद’वरून आला. बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या पाली विनयपिटकात ‘नमतक’ असा शब्द नमद्याच्या तुकड्यासाठी येतो आणि संस्कृतातही ‘नमत’ आहे, त्यामुळे शब्द मूळचा इकडचाच मानण्याचा मोह होतो. परंतु उत्तम टिकलेले प्राचीन नमदे सायबेरियातील अल्ताय पर्वतातील पाझिरिकच्या थडग्यांत (इ. स. पू. सुमारे पाचवे ते तिसरे शतक) मिळाले आहेत. मेंढपाळ टोळ्यांचा हा मुलूख पाहता वस्तू आणि शब्द दोन्ही इराणी भाषकांमार्फत भारतात आले, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. युरोपातील टोपीवाले आपल्या कसबाचे श्रेय संत क्लेमंटला देतात. त्याने चालताना पायाला बोचू नये म्हणून वहाणेत लोकर घातली आणि घामाने व दाबाने तिचा नमदा झाला, अशी ती कथा. पाझिरिकचे नमदे या संताच्या कित्येक शतके आधीचे असल्याने कथेला इतिहास म्हणून आधार उरत नाही.

‘बुरणूस’ या शब्दाचा प्रवास त्याहून लक्षणीय आहे. अरबी ‘बुर्नुस’चा कोशकारांनी दिलेला एक जुना अर्थ ‘उंच टोपी’ असा आहे. पुढे तो डोक्यावर घ्यायच्या टोपड्यासह असलेल्या झग्याला लागला. मराठीत येईतो टोपी आणि टोपडे दोन्ही गळाले आणि जाड लोकरी पांघरूण तेवढे उरले.

तंत्र : लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची टोके एकाच दिशेला वळलेली असतात. ओल्या, उबदार अवस्थेत चोळले की तंतू मुळाच्या दिशेने सरकतो. मागे यायला खवले आड येतात. म्हणून नमदा आवळत जातो, सैल होत नाही. कापसाला असे खवले नाहीत, त्यामुळे तो कितीही चोळला तरी त्याचा नमदा होत नाही.

पहिले काम पिंजण्याचे. पिंजाऱ्याच्या कमानीची तात लोकरीच्या ढिगाला जेमतेम टेकलेली असते. लाकडी ठोकळ्याचा फटका बसला की ती झणाणते, गुठळी सुटते आणि तंतू वर उडून धुक्यासारखे सपाट खाली बसतात. युरोपीय टोपीवाल्याची कमान हेच अवजार होय, फक्त छताला टांगलेले. वाफेवर चालणारी यंत्रे येईपर्यंत टोपीचा प्रत्येक थर असाच बसवला जाई. अमेरिकेत १८४६ साली पेटंट झालेल्या यंत्राने फिरत्या, छिद्रांच्या शंकूवर हवेने तंतू ओढून घ्यायला सुरुवात केली. बुरणुसासाठी पिंजारी हा थर चटईवर पसरून, पाणी शिंपडून, गुंडाळून तुडवीत. टोपीसाठी दोन तिकोनी थर मध्ये कापड ठेवून कडांना जोडतात. असा झालेला मोठा शंकू कढत, किंचित आम्लयुक्त पाण्यात बुडवून लाटण्याने पुन्हापुन्हा लाटला की सुमारे निम्मा होतो. मग तो लाकडी ठोकळ्यावर ओढून, दोरीने बांधून आकाराला आणतात. ताठपणासाठी चपडा लाख वापरतात. घोंगडीला चिंचोक्याची खळ जे काम करते तेच टोपीत लाख करते, मात्र लाख पाण्याला दाद देत नाही.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि केसाळ. घोंगडी व बुरणूस यांना ती उत्तम. टोपीच्या नितळ पोताला मेरिनो मेंढीसारखी बारीक लोकर किंवा सशाचे केस लागतात. तंत्र गावातल्या पिंजाऱ्याच्या हातात असूनही टोपी मात्र बाहेरून तयार येत राहिली, याचे कारण कसबात नसून मेंढीच्या जातीत शोधावे लागते.

रुमी टोपी : हिची घडण वेगळी. ट्युनिशियात ती आधी सैल विणतात, मग कुटून आवळतात, टीझल या काटेरी झाडाच्या बोंडांनी खरवडून लव काढतात आणि शेवटी रंगवतात. काटेकोर व्याख्येने तो नमदा नव्हे, आवळलेले विणकाम. तरी तयार टोपीत वीण दिसत नाही. मोरोक्कोतील फेझ शहरावरून पाश्चात्त्यांनी तिला ‘फेझ’ म्हटले, तर भारतात ऑटोमन मुलखाच्या ‘रुम’ या नावावरून ती रुमी झाली. ऑटोमन सुलतान दुसऱ्या महमूदने १८२९ मध्ये ती सरकारी नोकरवर्गाला सक्तीची केली आणि १९२५ मध्ये तुर्कस्तानने कायद्याने बंद केली. हैदराबाद संस्थानात मात्र ती त्यानंतरही शेरवानीवर मानाने वापरली जाई. दरबारी शिरोवेष्टन दस्तार (एक प्रकारची पगडी) होते. खेड्यापाड्यांत पटका आणि रुमाल चालूच होते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानाची निजामी राजवट संपल्यानंतर मराठवाड्यात रुमी टोपी झपाट्याने दिसेनाशी झाली. रझाकारांच्या आठवणीने तिचा अर्थच बदलला होता, हे येथे नोंदवणे भाग आहे.

पारा : सशाचे केस चांगले आवळावेत म्हणून त्यांना पाऱ्याच्या नायट्रेटचे द्रावण लावीत. ही युक्ती बहुधा सतराव्या शतकात फ्रान्समध्ये रुळली. १६८५ नंतर देश सोडलेल्या प्रोटेस्टंट कारागिरांनी ती इंग्लंडला नेली, ही परंपरा सर्वस्वी सिद्ध नसली तरी संभाव्य आहे. वाफेतून पारा श्वासात जाऊन कारागिरांचे हात थरथरत, दात हलत, स्वभाव बिथरे. अमेरिकेत ही पद्धत १९४१ मध्ये थांबली.

डागडुजी : जुन्या टोपीला हात लावण्याआधी ती लोकरीची की सशाच्या केसांची हे ठरवावे. केसांच्या जुन्या टोपीत पारा अजून असू शकतो. तिला बंद खोलीत वाफ देऊ नये. धूळ मऊ ब्रशने लवेच्या दिशेनेच काढावी. काळ्या आणि फिकट टोपीसाठी ब्रश वेगळे असावेत. तेलकट डागावर मुलतानी मातीची कोरडी पूड रात्रभर ठेवून झटकतात. भिजून वाळल्यावर पांढुरकी छटा उमटली तर ती बुरशी असेलच असे नाही, अनेकदा आतली लाख वर आलेली असते. बसलेल्या टोपीला वाफ देऊन मापाच्या लाकडी ठोकळ्यावर चढवावे आणि पूर्ण थंड होईपर्यंत उतरवू नये. घाईने उतरवलेली टोपी पुन्हा जुन्या सुरकुतीवर जाते. रुमी टोपीसाठी पितळी साचा असतो. तो तापवून ओलसर टोपी त्यावर चढवली की ‘चर्र’ असा आवाज येतो, ओल्या लोकरीचा मेंढीसारखा वास सुटतो आणि ढिली पडलेली भिंत ताठ उभी राहते. साचा जास्त तापला तर लाल रंग काळवंडतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. त्या कोरड्या उन्हाळ्यात आतली चामड्याची पट्टी आक्रसून टाके तोडते. ती बदलताना नवी सुई जुन्याच छिद्रांतून न्यावी, नाहीतर कड फाटते. पावसाळ्यात कसर लागते. कडुलिंबाच्या पाल्यापेक्षा वेळोवेळी उन्हात धरून झटकणे अधिक उपयोगी, कारण कसरीची अळी अंधाऱ्या, न हलवलेल्या घडीतच लोकर खाते.