दगड वाईचा, शोधनिबंध कुणाचा?

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना आंबेनळी घाटात काळ्या कातळात मध्येच तांबड्या मातीचे पट्टे दिसतात. लाव्हाचा एक थर थंड झाला, त्याची झीज होऊन माती तयार झाली आणि पुढच्या लाव्हाखाली ती भाजून निघाली, अशी त्यांची गोष्ट. या भागातल्या कातळात कुठे कुठे अडीच सेंटिमीटर व्यासाची गुळगुळीत गोल भोकंही आढळतात. ती सुरुंगाची नाहीत. खडक घडताना पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कोणत्या दिशेला होतं, हे कळण्यासाठी भूशास्त्रज्ञ ड्रिलने असे नमुने काढतात.

दख्खनच्या लाव्हातल्या वरच्या थरांना भूशास्त्रात ‘वाई उपगट’ म्हणतात. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा ही त्यातल्या थरांची नावं. ढोल्या गणपती ज्यांनी कधी पाहिला नाही, त्यांनाही वाई ठाऊक आहे ती यामुळे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनासोर नष्ट झाले, त्यात या लाव्हाचा वाटा किती, हा वाद जुना आहे. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावर एकाच वेळी दोन निबंध आले. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने तांबड्या पट्ट्यांतल्या झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांवरून वय काढलं आणि एक मोठा उद्रेक विनाशाच्या थोडा आधी झाला असं मांडलं. तिथल्याच बर्कलीच्या गटाने खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून बहुतेक लाव्हा विनाशानंतर आला असं म्हटलं. दोन्ही निबंधांच्या लेखकांत भारतीय शास्त्रज्ञही होते, आणि ते योग्यच झालं.

लाव्हाचा तुकडा परदेशी गेला तरी डोंगर जागेवर असतो. उद्या कराडची एखादी विद्यार्थिनी त्याच थरातून दुसरा तुकडा काढून आधीची मोजणी चूक की बरोबर ते सांगू शकते. जीवाश्माचं तसं नाही. नवी प्रजाती जाहीर करताना ज्या एका नमुन्यावर ते नाव ठेवलं जातं, त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे जगात कुणालाही शंका आली तर त्याच हाडापाशी जावं लागतं. ते हाड सातासमुद्रापार असेल तर ज्या मातीतून ते निघालं तिथल्याच अभ्यासकाला व्हिसा, विमानाचं तिकीट आणि संग्रहालयाची परवानगी यांची जुळवाजुळव करत बसावं लागतं. बहुतेकांचं संशोधन तिथेच संपतं.

ब्राझीलमध्ये हे उघडपणे घडलं. तिथल्या सेआरा राज्यात सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीत एका छोट्या डायनासोरचा जीवाश्म सापडला. पिसांसारखं आवरण आणि खांद्यांतून निघालेल्या लांब पट्ट्या, असं त्याचं अजब रूप. तो जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संग्रहालयात पोचला आणि २०२० च्या अखेरीस ‘उबिराजारा’ नावाने जगापुढे आला. लेखकांत एकही ब्राझिलियन नव्हता. ब्राझीलमध्ये तर १९४२ पासून जीवाश्म ही राष्ट्राची मालमत्ता आहे. तिथल्या तरुण संशोधकांनी समाजमाध्यमांवर इतका आवाज उठवला की नियतकालिकाने निबंध मागे घेतला आणि जून २०२३ मध्ये जीवाश्म मायदेशी परतला. आज तो सेआरातल्याच संग्रहालयात आहे. मला यातली सर्वांत मोलाची बाब वाटते ती ही, की तो राजधानीत अडकून न पडता आपल्या मुलखात गेला.

आपल्याकडे हा इतिहास जुना आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी विदर्भात गोळा केलेले जीवाश्म लंडनला गेले. मांगलीच्या ‘ब्रॅकिओप्स’ या प्राचीन उभयचराची कवटी तिथेच आहे. शिवालिक टेकड्यांतला फाल्कनर आणि कॉटली या ब्रिटिश संशोधकांचा प्रचंड जीवाश्मसंग्रहही लंडनमध्येच. ही केवळ गेल्या शतकांची गोष्ट नाही. २०२२ मध्ये जीवाश्मांच्या अभ्यासक नुसैबा राजा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की १९९० नंतरच्या तीस वर्षांत जागतिक जीवाश्म नोंदसंचात भर पडलेल्या माहितीपैकी ९७ टक्के माहिती श्रीमंत आणि उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या संशोधकांकडून आली. म्हणजे पृथ्वीच्या इतिहासाचं आपलं चित्रच लंगडं आहे.

स्थानिक नजर सोबत नसली की काय होऊ शकतं, याचा धडा मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाने दिला. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या ग्रेगरी रिटॅलॅक यांच्या गटाने, ज्यात भारतीय सहलेखकही होते, तिथल्या गुहेच्या छतालगत ‘डिकिन्सोनिया’ हा ५५ कोटी वर्षांपूर्वीचा जीव आढळल्याचं जाहीर केलं. संरक्षित स्थळ असल्याने छायाचित्रांवरच भिस्त होती. पुढे फ्लोरिडा विद्यापीठाचे जो मीर्ट आणि त्यांचे सहकारी तिथे गेले, तर तो ‘जीवाश्म’ खडकावरून सुटू लागला होता. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचं मेण होतं! रिटॅलॅक यांनी चूक मान्य केली, हा त्यांचा मोठेपणा. पण महाबळेश्वरच्या कड्यांवर आग्या मोहोळ काढणारा माणूस त्या दिवशी गुहेत उभा असता, तर कड्यावरून पोळं गेल्यावर मागे कसला डाग उरतो, हे त्याने तिथल्या तिथे सांगितलं असतं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या मांघरला तर मधाचं गाव म्हणून ओळखतात. अशा ज्ञानाला निबंधात ‘स्थानिक मदतनीस’ या दोन शब्दांत गुंडाळणं विज्ञानालाच महाग पडतं.

नमुना आपल्याकडे राहिला म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनला १८२८ मध्ये जबलपूरला डायनासोरच्या शेपटीचे मणके मिळाले. त्यांवरून भूशास्त्रज्ञ लिडेकरने १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस’ हे नाव ठेवलं. पुढे ती हाडं हरवली. अखेर २०१२ मध्ये त्यांतलं हाड कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात मिळालं. मालकी मागायची तर कपाट, नोंदवही आणि ती राखणारा पगारी माणूसही हवा. उलट गुजरातेतल्या रहिओलीच्या ‘राजासॉरस’ या डायनासोरचं काम नीट झालं. भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून २००३ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि हाडं भारतातच राहिली.

कायद्याचं पारडं मात्र विचित्र झुकलेलं आहे. कासच्या पठारावरची वायतुरा ही वनस्पती परदेशी संशोधकाला अभ्यासासाठी न्यायची तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी घ्यावी लागते. कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेल्या पानासाठी असं स्पष्ट कुंपण नाही. डिसेंबर २०२२ मध्ये खाण मंत्रालयाने भू-वारसा स्थळांच्या विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी मांडला. सगळे अधिकार एकट्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जातील, अशी काळजी तेव्हा काही शास्त्रज्ञांनी बोलून दाखवली, आणि ती मलाही पटते. त्या कायद्यात विद्यापीठांना आणि जिल्ह्यांना जागा हवी.

माझी मागणी छोटी आहे. परदेशी गट साताऱ्यात वा सांगलीत खडक फोडायला आला, तर प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग इथल्या एखाद्या कॉलेजात नोंदीसह ठेवावा, मैदानी कामात इथले दोन विद्यार्थी असावेत, त्यांना मोजणी शिकवावी आणि निबंधाचा मराठी सारांश त्या गावच्या ग्रामपंचायतीकडे पाठवावा.